वाखावरील सोडा-प्रक्रिया : गावाचे काम कोणते, कारखान्याचे कोणते?

बांधावरील घायपात, अंबाडीची ताटे, केळीचे खोड आणि नारळाचे सोडण या महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाच्या वस्तू होत. त्यांपासून निघणाऱ्या वाखाचे व काथ्याचे कासरे, दावी, चऱ्हाटे आणि सुंभ वळण्याचा धंदा पूर्वी गावोगाव चालत असे. केकताडाची पाने कुजवून वाख काढणे आणि दोर वळणे यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून होता. नायलॉनचे व प्लॅस्टिकचे दोर स्वस्त मिळू लागल्यावर हा धंदा मागे पडला. ज्या प्लॅस्टिकने वाखाला बाजारातून हटविले, त्याच प्लॅस्टिकला बळकटी आणण्यासाठी आता वाखाचा उपयोग होऊ लागला आहे.

या दृष्टीने पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा लक्षात घेण्याजोगा आहे. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढील काळात या परिसरात मोटारी, मालमोटारी, दुचाकी वाहने व त्यांचे सुटे भाग तयार करणारे कारखाने वाढत गेले. कांद्या-बटाट्याच्या बाजारपेठेमुळे प्रसिद्ध असलेल्या खेड तालुक्यातील चाकण परिसरात २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. यांपैकी मर्सिडीज-बेंझने १९९६ साली आपल्या ई-वर्गाच्या मोटारींच्या दरवाजांतील आतल्या फळ्यांसाठी ज्यूटचा धागा व राळ यांचे मिश्रण वापरले होते. पुढे त्याच कंपनीने ए-वर्गाच्या मोटारीत सुट्या चाकाच्या झाकणासाठी अबाका या केळीच्या कुळातील वनस्पतीचा तंतू वापरला. त्याही आधी पूर्व जर्मनीत १९५७ ते १९९१ या काळात निघालेल्या ट्राबांट मोटारीचे बाह्य पत्रे कापसाच्या टाकाऊ तंतूत राळ मुरवून बनविलेले असत. सारांश, शेतातील तंतू मोटारीत जाणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

अशा वार्ता कानी पडल्यावर गावातील उत्साही तरुण आणि बचत गट एक प्रश्न हमखास विचारतात. वाखावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की तो प्लॅस्टिकला अधिक घट्ट धरतो असे म्हणतात. मग ती प्रक्रिया गावातच करून अधिक भाव का मिळवू नये? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ही प्रक्रिया कशासाठी करतात आणि तिला काय लागते, हे नीट समजून घेणे अवश्य आहे.

संमिश्र पदार्थ म्हणजे काय?

दोन भिन्न गुणांच्या वस्तू एकत्र करून दोहोंपेक्षा अधिक उपयुक्त अशी तिसरी वस्तू तयार केली, तर तिला संमिश्र पदार्थ म्हणतात. शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. भिंतीच्या मातीत भुसा किंवा गवताचे तुकडे तुडवून घालतात, ते याच हेतूने. नुसती माती वाळताना तडकते. भुसा तिला धरून ठेवतो. धान्याची कणगी हेही संमिश्राचेच उदाहरण होय. बांबूच्या कामट्या ताण सोसतात, आणि शेणमातीचे लिंपण त्या कामट्यांना एकमेकींशी बांधून फटी बुजविते.

मोटारीच्या भागात कामट्यांची जागा वाख घेतो आणि लिंपणाची जागा प्लॅस्टिक घेते. खताची विणलेली पोती ज्यापासून करतात, ते पॉलिप्रॉपिलीन या कामी पुष्कळ वापरले जाते. वाख व पॉलिप्रॉपिलीनचे धागे एकत्र पिंजून त्यांची नमद्यासारखी जाड चटई करतात. ही चटई तापवून साच्यात दाबली की प्लॅस्टिक वितळून वाखाभोवती बसते आणि थंड झाल्यावर हव्या त्या आकाराची फळी तयार होते. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते, तर वाख २०० अंशांच्या पुढे करपू लागतो. या दोहोंमध्ये पुरेसे अंतर असल्यामुळे ही जोडी जमते. अधिक उष्णतेवर वितळणाऱ्या अनेक प्लॅस्टिकांत वाख घालता येत नाही, त्याचे कारणही हेच आहे.

वाखाचा मोठा गुण म्हणजे हलकेपणा. या कामी आजवर प्रामुख्याने वापरला जाणारा काचेचा तंतू पाण्याच्या सुमारे अडीचपट जड आहे. घायपाताचा वाख दीडपटीहून किंचित कमी भरतो. वाहन हलके झाले की इंधन वाचते. शिवाय काचतंतू हाताळताना कामगारांच्या अंगाला खाज सुटते, तसा त्रास वाखाचा होत नाही. ताण सोसण्याच्या शक्तीत मात्र काचतंतू वाखाच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून दरवाजाची आतील फळी, आसनाची पाठ, सामानकक्षाचे अस्तर अशा भागांसाठीच वाख योग्य ठरतो. गाडीचा सांगाडा किंवा इंजिनाजवळचे तापणारे भाग त्याच्या कक्षेबाहेरचे आहेत.

दोष सांध्यात असतो

नुसता वाख प्लॅस्टिकात घातला की फळी बळकट होते, असे मात्र नाही. फळीवर भार आला म्हणजे तो प्रथम प्लॅस्टिकवर येतो आणि प्लॅस्टिकने तो वाखाकडे पोचवावयाचा असतो. हे पोचविण्याचे काम दोहोंच्या सांध्यात घडते. सांधा कच्चा असेल तर वाख तुटण्याआधीच, भुसभुशीत वाफ्यातून मुळा उपटावा तसा अलगद निसटतो आणि त्याची शक्ती वाया जाते. मोडलेल्या फळीच्या तोंडाशी लांब, स्वच्छ धागे बाहेर आलेले दिसले, तर सांधा कच्चा होता असे समजावे.

हा सांधा कच्चा राहण्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण वाखाच्या अंगावरील आवरण. वनस्पतीचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांची जुडी होय. ही जुडी हेमिसेल्युलोज, लिग्निन व पेक्टिन या द्रव्यांनी एकत्र चिकटलेली असते आणि तिच्यावर मेणाचा पातळ थर असतो. तेलकट भिंतीवर चुन्याचा हात बसत नाही, तसे या मेणावर प्लॅस्टिक बसत नाही. दुसरे कारण स्वभावभेदाचे. वाखाला पाण्याची ओढ असते. दमट हवेत तो आपल्या वजनाच्या आठ-दहा टक्के ओलावा सहज शोषून घेतो. पॉलिप्रॉपिलीनला मात्र पाण्याचे वावडे आहे. तेलाचा हात ओल्या वस्तूवरून घसरावा, तसे ते वाखावरून घसरते. त्यातच वाख ओला असेल तर तापविताना त्या ओलाव्याची वाफ होते आणि फळीत बुडबुडे राहतात.

सोड्याने काय घडते?

कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने सुती धाग्यावर प्रक्रिया करण्याची रीत इंग्लंडमधील जॉन मर्सर यांनी शोधली आणि १८५० साली तिचे पेटंट घेतले. कापडाच्या व्यवहारात ‘मर्सराइज्ड’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. वाखावर करावयाची प्रक्रिया याच जातीची आहे.

सोड्याच्या द्रावणात वाख बुडविला असता मेण व पेक्टिन निघून जातात, हेमिसेल्युलोज बऱ्याच प्रमाणात विरघळते आणि लिग्निनचाही काही अंश सुटतो. जुडीला बांधणारी द्रव्ये कमी झाल्याने जाड धागा उकलून अनेक बारीक धागे होतात. प्लॅस्टिकला धरावयास अधिक पृष्ठभाग मिळतो, आणि तो पृष्ठभाग गुळगुळीत न राहता खडबडीत होतो. गिलावा करण्यापूर्वी गवंडी भिंतीला टाके मारतो, तसाच हा प्रकार होय.

प्रयोगशाळांतून सर्वसाधारणपणे ५ टक्के तीव्रतेचे द्रावण वापरले जाते, म्हणजे ९५ लिटर पाण्यात ५ किलो सोडा. वाख त्यात नेहमीच्या तपमानास काही तास ठेवून बाहेर काढतात, पाण्याने अनेकदा धुतात, शेवटच्या धुण्यात अत्यल्प अ‍ॅसेटिक आम्ल घालून उरलेला सोडा मारतात आणि वाख ६० ते ८० अंश उष्णतेच्या कोठीत वाळवितात. धुणे अपुरे राहिले तर आत उरलेला सोडा पुढे पॉलिएस्टरसारख्या राळेला खातो आणि सांधा कालांतराने सुटतो.

येथे मात्रेला फार महत्त्व आहे. द्रावण अधिक तीव्र झाले किंवा वाख त्यात अधिक काळ राहिला, तर सोडा आवरणापाशी थांबत नाही. तो खुद्द सेल्युलोजवर चाल करतो आणि वाख दुबळा होतो. शिवाय प्रत्येक तंतूची घडण वेगळी. घायपाताच्या वाखात सेल्युलोज सुमारे दोन तृतीयांश असते आणि लिग्निन दहा टक्क्यांच्या आसपास. काथ्यात लिग्निनच चाळीस टक्क्यांच्या वर असते. एकाला मानवणारी मात्रा दुसऱ्याला मानवत नाही. एकाच पिकाच्या दोन ढिगांतही, एक नीट कुजविलेला व दुसरा अर्धकच्चा असेल, तर एकाच द्रावणातून दोन भिन्न प्रतीचे वाख बाहेर पडतात.

सोड्यापुढील प्रक्रिया

सोड्याने वाख स्वच्छ व खडबडीत होतो, पण त्याची पाण्याची ओढ जात नाही. किंबहुना मेण निघाल्यावर ती अधिक उघडी पडते. म्हणून पॉलिप्रॉपिलीनच्या कामात पुष्कळदा आणखी एका दुव्याची गरज असते. मलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन हा असा दुवा होय. त्याचे एक टोक वाखाशी रासायनिक बंध करते आणि दुसरे टोक प्लॅस्टिकात मिसळून जाते. दोन्ही घरांशी सोयरीक असलेल्या मध्यस्थासारखे हे काम आहे. हा दुवा थोड्या टक्क्यांत प्लॅस्टिकच्या दाण्यांबरोबरच यंत्रात घालतात. त्याला पाण्याची टाकी लागत नाही आणि सांडपाणीही निघत नाही. या सोयीमुळे काही कामांत कारखाने सोडा-प्रक्रिया न करता, स्वच्छ व कोरडा वाख घेऊन केवळ हा दुवा वापरणे पसंत करतात.

पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी राळेसाठी सिलेन नावाची सिलिकॉनयुक्त द्रव्ये दुव्याचे काम करतात. अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइडची प्रक्रिया केल्यास वाखाची पाणी शोषण्याची प्रवृत्ती कमी होते. परंतु ते द्रव्य झोंबणाऱ्या वाफा सोडते आणि बंदिस्त संयंत्राशिवाय हाताळता येत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वाखावर कोणती प्रक्रिया हवी, हे तो कोणत्या प्लॅस्टिकात जाणार यावर ठरते. ते केवळ कारखान्यालाच ठाऊक असते. गावाने आपल्या अंदाजाने सोडा लावून पाठविलेला वाख कारखान्याला उपयोगी पडेलच असे नाही. उलट तो परत येण्याचा संभव अधिक.

एका क्विंटलचा हिशेब

आता गावात प्रक्रिया करावयाची म्हटल्यास काय लागेल, याचा हिशेब पाहू. वाख मोकळा भिजण्यासाठी एका किलोस सुमारे २० लिटर द्रावण धरले जाते. म्हणजे एका क्विंटल वाखास २,००० लिटर द्रावण हवे आणि ५ टक्के प्रमाणाने त्यात १०० किलो कॉस्टिक सोडा पडेल. वाखाइतकाच सोडा! यानंतर तीन वेळा तितक्याच पाण्याने धुतले, तरी आणखी ६,००० लिटर पाणी लागते. एकूण ८,००० लिटर पाणी. उन्हाळ्यात ज्या गावाला टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावाने हा आकडा ध्यानात ठेवावा.

या सोड्यापैकी थोडाच प्रक्रियेत खर्च होतो, उरलेला द्रावणात राहतो. कारखाना हे द्रावण गाळून, सोड्याची भर घालून पुन्हा वापरतो आणि शेवटी शुद्धीकरण संयंत्राकडे पाठवितो. गावात हे तपकिरी पाणी जाणार कोठे? सांडपाणी नदीनाल्यात सोडावयाचे तर त्याचा सामू ५.५ ते ९ या दरम्यान असला पाहिजे, असा दंडक आहे. ५ टक्के सोड्याच्या पाण्याचा सामू १४ च्या घरात असतो. सामूचा प्रत्येक आकडा दहापट फरक दर्शवितो, म्हणजे हे पाणी वरच्या मर्यादेपेक्षा सुमारे लाखपट अल्कधर्मी असते. ते ओढ्यात गेले तर मासे मरतील, गुरांची तोंडे भाजतील आणि काठच्या विहिरी बिघडतील. इंद्रायणी व पवना या नद्यांना शहरांच्या व कारखान्यांच्या सांडपाण्याचा भार आधीच सोसवेनासा झाला आहे. आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर पसरलेला फेस वारकऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत अनेकदा पाहिला. त्यात गावांनी भर घालू नये.

आम्लाने सामू उतरतो, सोडियम जात नाही

पाण्यात आम्ल घालून सामू सातावर आणला की ते शेताला देता येईल, अशी काहींची समजूत असते. ही समजूत शेताला घातक आहे. १०० किलो कॉस्टिक सोड्यात सुमारे ५७ किलो सोडियम असते. आम्लाने सोड्याचा दाहकपणा नाहीसा होतो, परंतु सोडियम मिठाच्या रूपाने पाण्यातच राहते.

काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, योगाने एकत्र येऊन रवाळ बनतात. सोडियम वाढले की ते कॅल्शियमची जागा घेते, रवे विस्कटतात आणि जमिनीतील छिद्रे बुजतात. मग पाणी मुरत नाही, पावसात चिखल होतो, वाळल्यावर जमीन दगडासारखी होते आणि उगवण मार खाते. हीच चोपण जमीन. ती सुधारण्यास जिप्सम, निचऱ्याचे चर, भरपूर गोडे पाणी आणि अनेक वर्षे लागतात. दोन-चार क्विंटल वाखाच्या वाढीव भावापायी एक एकर जमीन चोपण करून घेणे हा व्यवहार शेतकऱ्याला परवडणारा नाही.

शिवाय असे सांडपाणी निर्माण करणाऱ्या उद्योगास १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमानुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. गोठ्यामागच्या हौदात हा उद्योग गुपचूप करणे हा कायद्याचा भंग ठरतो.

गावाचे काम : स्वच्छ, कोरडा, एकसारखा वाख

तर मग गावाने काय करावे? ज्या कामाशिवाय सोडा व दुवे दोन्ही व्यर्थ ठरतात, ते काम गावाचेच आहे. कुजवणीत गमावलेले बळ सोड्याने परत येत नाही. चिखलाने माखलेला धागा रसायनाने सारखा होत नाही. सांध्याची पहिली तयारी शेतात व खळ्यावर होते. पीकवार पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१. घायपात : हिरव्या पानांच्या वजनाच्या ३ ते ४ टक्केच वाख मिळतो. यास्तव पाने दूर वाहून नेण्यापेक्षा वाख काढण्याचे यंत्र पानांजवळ आणणे किफायतीचे पडते. पाने कापल्यापासून शक्यतो त्याच दिवशी वाख काढावा. उशीर झाल्यास गर वाळून वाखाला चिकटतो आणि डाग पडतात. वाख लगेच स्वच्छ पाण्यात खळबळून धुवावा. पानांचा रस अंगाला खाजवितो, म्हणून हात झाकून काम करावे. हा रस ओढ्यात किंवा तळ्यात जाऊ देऊ नये. चोथा शेणाबरोबर कंपोस्ट खड्ड्यात घालावा.

२. अंबाडी : वाखासाठी पीक फुलोऱ्याच्या सुमारास कापावे. बी धरल्यावर कापल्यास वाख राठ होतो. ताटांच्या पेंढ्या पाने गळेपर्यंत शेतात उभ्या ठेवून मग पाण्यात बुडवाव्यात. पाण्याच्या उबेनुसार कुजण्यास १० ते २० दिवस लागतात. दहाव्या दिवसापासून रोज एक ताट काढून पाहावे. साल बोटाने सहज सुटली की त्याच दिवशी वाख काढावा. पेंढ्या बुडवून ठेवण्यासाठी त्यांवर माती किंवा केळीची खोडे ठेवू नयेत. त्यामुळे वाख काळवंडतो. स्वच्छ दगड वापरावेत. पिण्याच्या पाण्याच्या किंवा मासळीच्या तळ्यात पेंढ्या कुजविणे टाळावे, कारण कुजताना पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात.

३. केळी : घड उतरल्यानंतर खोड ताजे असतानाच यंत्राने वाख काढावा. खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्याने मिळणारा वाख अल्प असतो. बाहेरील करडी, डागाळलेली सोपटे वेगळी ठेवावीत. आतील सोपटांचा वाख अधिक बारीक व उजळ निघतो. खोडात पालाश पुष्कळ असते. वाख काढल्यावर उरणारा चोथा व पाणी बागेतच परत घातले नाही, तर तितके खत विकत आणावे लागेल, हे जळगाव भागातील बागायतदारांनी हिशेबात धरावे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केळीच्या वाखावर काम केले असून गुजरातेतील नवसारी कृषी विद्यापीठाने खोडापासून वाख, खत व इतर पदार्थ यांची साखळीच तयार केली आहे.

४. नारळ : काथ्या इतर वाखांच्या मानाने कमी ताण सोसतो, पण लिग्निनमुळे टिकाऊ व ताणला जाणारा असतो. कोकणातील उत्पादकांनी तो दुसऱ्या वाखात मिसळू नये. भुसा नीट झाडून लांब व आखूड काथ्याचे वेगवेगळे गठ्ठे बांधावेत.

सर्व प्रकारच्या वाखास वाळवणीचा एकच नियम आहे. तो मातीवर न पसरता दोरीवर किंवा बांबूच्या मांडवावर टांगावा. वाळला किंवा नाही हे हाताच्या स्पर्शावरून ठरवू नये. एक किलो वाख वेगळा बांधून रोज सायंकाळी त्याच तराजूवर तोलावा. लागोपाठ दोन दिवस वजन उतरले नाही म्हणजे ढीग वाळला असे समजावे. पावसाळ्यात गठ्ठे जमिनीपासून उंच फळीवर ठेवावेत. बुरशीचा वास लागलेला वाख मोटारीच्या बंद खोलीत वापरता येत नाही आणि तो वास धुऊन जात नाही.

एक निर्धोक प्रात्यक्षिक

सांध्याचे महत्त्व शेतकऱ्यांना दाखविण्यासाठी कार्यकर्त्यांनी सोडा हाताळण्याची गरज नाही. तागाच्या सुतळीचे सारख्या लांबीचे सहा तुकडे घ्यावेत. तीन तुकडे गोडेतेलात बुडवून पुसून घ्यावेत, तीन तसेच कोरडे ठेवावेत. सहा वाट्यांत घट्ट मळलेली काळी माती भरून प्रत्येकीत एक तुकडा तीन बोटे खोल रोवावा आणि चार-पाच दिवस सावलीत वाळू द्यावे. नंतर प्रत्येक सुतळी ताणकाट्याला बांधून हळूहळू ओढावी. तेलकट सुतळ्या कमी ओढीने निसटतात, कोरड्या अधिक ओढ सोसतात. माती एकच, सुतळी एकच. फरक केवळ पृष्ठभागाचा. कारखान्यात सोडा-प्रक्रिया कशासाठी करतात, ते यावरून ग्रामसभेत दहा मिनिटांत पटवून देता येते.

सोडा हाताळावा लागलाच तर

एखाद्या उत्पादक कंपनीने संमती घेऊन प्रक्रिया केंद्र काढले आणि तेथे गावातील माणसे कामास लागली, तर त्यांना पुढील नियम पाठ असावेत. सोडा नेहमी पाण्यात थोडाथोडा सोडावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, द्रावण उसळून अंगावर येते. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कारण सोडा ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे व पायांत गमबूट असल्याशिवाय टाकीजवळ जाऊ नये. द्रावण अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास लिंबू किंवा व्हिनेगर न लावता, वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान २० मिनिटे सतत धुवावे आणि तत्काळ दवाखाना गाठावा. लहान मुलांना केंद्राच्या आवारात येऊ देऊ नये.

आधी मागणी, मग लागवड

वाख कारखान्यात जातो म्हणून चालू पीक मोडून घायपात किंवा अंबाडी लावण्याची घाई करू नये. वाहनाचा सुटा भाग स्वीकारला जाण्यापूर्वी ताण, वाक, आघात, पाणी शोषण, वास व ज्वलन अशा अनेक कसोट्या द्याव्या लागतात. कारखान्याला आजचा व सहा महिन्यांनंतरचा वाख एकाच प्रतीचा हवा असतो. एकट्या शेतकऱ्याला ते जमणे कठीण. शेतकरी उत्पादक कंपनीने अनेकांचा वाख एकाच पद्धतीने काढून, निवडून, गठ्ठ्यांवर गाव, पीक व तारीख लिहून दिला तर ते शक्य आहे.

प्रथम थोड्या वाखाचा नमुना द्यावा. खरेदीदाराकडून धाग्याची लांबी, ओलाव्याची मर्यादा, रंग, वार्षिक परिमाण व दर या पाच गोष्टी लेखी घ्याव्यात. तोंडी आश्वासनावर यंत्रासाठी कर्ज काढू नये. घायपाताची सुरुवात बांध, ओढ्याचा काठ व पडीक मुरमाड जमीन येथून करावी. पहिली कापणी मिळण्यास सुमारे तीन वर्षे लागतात, तोपर्यंत घरचे उत्पन्न चालू राहिले पाहिजे. केळीच्या बाबतीत नवी लागवड लागत नाही. टाकाऊ खोडापासूनच आरंभ होत असल्याने तेथे धोका कमी आहे.

चाकणच्या कारखान्यांना रसायनांचे ज्ञान आहे, टाक्या आहेत आणि सांडपाणी शुद्ध करण्याची साधने उभारण्याची ऐपत आहे. त्यांच्यापाशी नाही तो शेतातला चांगला वाख. तो वेळेवर कापून, बेताने कुजवून, स्वच्छ धुऊन, कोरडा करून आणि प्रतवारी लावून देणे हे गावाचे काम होय. भावाची घासाघीस करावयाची ती याच गुणांच्या बळावर करावी. सोड्याची टाकी कारखान्यात राहू द्यावी, आणि गावाने आपली विहीर, आपला ओढा व आपली काळी जमीन निर्मळ राखावी, यातच शेतकऱ्याचे हित आहे.